गाडीतला वाटाड्या

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पूर्वी लांबच्या प्रवासाला निघायचे म्हटले की गाडी कोण चालवणार यापेक्षा रस्ता कोणाला ठाऊक आहे, हा प्रश्न महत्त्वाचा असे. ज्याला रस्ता ठाऊक त्याला पुढची सीट, मग तो वयाने लहान का असेना. आणि कोणालाच ठाऊक नसेल तर गावोगावी काच खाली करून, "अहो दादा, महाडला हाच रस्ता जातो का?" असे विचारायचे. "रस्ता कुठे जात नाही बाई, तो इथेच असतो," हे उत्तर निदान एकदा तरी ऐकायला मिळायचे. आता त्या पुढच्या सीटचा मान एका पडद्याने घेतला आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. गाडी चालवायला शिकले ती पन्नाशी उलटल्यावर. २०१६ साली आम्ही जी गाडी घेतली तिच्यात कंपनीनेच बसवलेली मार्गदर्शक यंत्रणा होती. शोरूममधला मुलगा तिला 'नॅव्ही' म्हणाला आणि तेच नाव आमच्या घरात रुजले. मोबाइल काचेला चिकटवून वापरतात तो नकाशा वेगळा. ही नॅव्ही गाडीच्या अंगातच असते. काढून घरी नेता येत नाही, आवडली नाही म्हणून दुसरी आणता येत नाही. म्हणून तिच्याबरोबर जुळवून घ्यावे लागते, आणि थोडेफार तिलाही आपल्याप्रमाणे वळवून घ्यावे लागते. आज बोलणार आहे ते या जुळवून घेण्याविषयी.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. "सॅटेलाइट आपल्याला रस्ता दाखवतो," असे आपण सहज म्हणतो. उपग्रहाला आपला रस्ता ठाऊक नसतो आणि आपली गाडीही ठाऊक नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह एवढेच सांगत असतात, की मी अमुक, मी इथे आहे आणि आता इतके वाजले आहेत. गाडीतले यंत्र हे नुसते ऐकते, तुम्ही आत्ता मला रेडिओवर ऐकता आहात तसेच. निदान चार उपग्रहांचे बोलणे ऐकू आले, की प्रत्येकाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःची जागा मांडते. ही जागा म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे. ते आकडे कोणत्या रस्त्यावर पडतात हे ठरवायला नकाशा लागतो, आणि तो नकाशा आकाशात नसतो. माझ्या गाडीत तो टपालाच्या तिकिटाएवढ्या एका कार्डात आहे. तिसरी गोष्ट म्हणजे इथून तिथवर वाट काढण्याचे गणित. हे गणित डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सोडवले होते. १९५९ साली ते छापून आले आणि वाट काढणाऱ्या यंत्रांच्या गणिताचा पाया झाले.

तेव्हा जागा, नकाशा आणि गणित या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. नॅव्ही चुकली तर यातले कोण चुकले हे ओळखता आले, की निम्मा राग शांत होतो आणि उपायही सुचतो.

गंमत अशी, की गाडीतले वाटाडे उपग्रहांच्या आधीपासून आहेत. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने एक यंत्र आणले होते. त्यात नकाशाचे पारदर्शक कागद पडद्यावर सरकवायचे आणि गाडी कुठे वळली हे आतला गायरोस्कोप सांगायचा. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'इटॅक' नावाचे यंत्र विकायला आले. त्याचे नकाशे कॅसेटवर असत, आपण गाणी ऐकायचो तसल्याच टेपच्या. इटॅक हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या नावाड्यांचा आहे. त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीत होडी स्थिर असते आणि बेटे तिच्या बाजूने मागे सरकतात असे धरतात. तुमच्या पडद्यावर गाडीचे चिन्ह जागेवर राहते आणि नकाशा फिरतो, ती कल्पना हीच. पुढे १९९० साली माझदा कंपनीच्या जपानी गाडीत जीपीएस आले. तरी सर्वसामान्यांसाठीच्या संकेतात अमेरिकेने मुद्दाम चूक घातलेली असे, जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली आणि मगच हा वाटाड्या खऱ्या अर्थाने कामाचा झाला.

"अहो काकू, हातात मोबाइल असताना ही नॅव्ही कशाला?" असे मला सर्व्हिसिंगच्या ठिकाणी प्रत्येक वेळी विचारतात. प्रश्न योग्य आहे. मोबाइलला वाहतुकीची कोंडी कळते, नकाशा ताजा असतो, बोलून पत्ता सांगता येतो. पण ताम्हिणीत किंवा वरंध्यात मध्येच रेंज जाते, तेव्हा मोबाइल नवा रस्ता शोधायला गेला की गोल गोल फिरत राहतो. गाडीतल्या नॅव्हीला रेंज लागतच नाही, कारण सगळा महाराष्ट्र तिच्या कार्डात आहे. दुसरे असे, की तिला चाकांकडून वेग समजतो आणि गायरोस्कोपकडून वळण समजते. भाताणच्या किंवा कामशेतच्या बोगद्यात आकाश दिसेनासे झाले तरी तिचा बाण थांबत नाही. चाके किती फिरली यावरून ती पुढची जागा मोजत जाते आणि बोगद्याबाहेर आल्यावर उपग्रहांशी ताळा करून घेते. आपण अंधारात जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरतो, तसेच हे.

आता वळवून घेण्याविषयी. माझा अनुभव असा, की बहुतेक लोक गाडी घेतल्यावर नॅव्हीच्या सेटिंगमध्ये एकदाही जात नाहीत. कारखान्यातून आली तशी ती वापरतात आणि मग वैतागून बंद करतात. भाड्याने घेतलेल्या घरातही आपण खिळे ठोकतो, पडदे बदलतो. इथे लाखो रुपये मोजलेल्या गाडीत आपण पाहुण्यासारखे राहतो.

सुरुवात आवाजापासून करा. नॅव्हीच्या आवाजाची पातळी रेडिओपेक्षा वेगळी असते. कित्येक गाड्यांमध्ये ती बाई बोलत असतानाच बटण फिरवावे लागते, गप्प असताना फिरवले तर गाण्याचाच आवाज कमी होतो. हे समजेपर्यंत माणसे तिला कायमची मुकी करून टाकतात. तिचे उच्चार हा तर स्वतंत्र विषय आहे. आपल्या गावांची नावे रोमन लिपीत भरलेली, आणि वाचणारी बाई इंग्रजी वळणाची. नावापुढच्या 'डॉक्टर'च्या दोन अक्षरांचा अर्थ ती 'ड्राइव्ह' असा लावते आणि आंबेडकर रस्त्याचे नाव 'ड्राइव्ह आंबेडकर रोड' होऊन बसते. मी तिच्यात रस्त्यांची नावे बोलण्याची सोय बंद केली आणि नुसते "तीनशे मीटरवर डावीकडे" एवढेच ठेवले. त्या दिवसापासून आमचे बरे जमते.

दुसरी गोष्ट मार्गाच्या निवडीची. 'जवळचा' आणि 'लवकरचा' असे दोन पर्याय असतात. ऐकायला दोन्ही शहाणपणाचेच. पण 'जवळचा' ठेवलात तर पुण्याच्या पेठांत ती तुम्हाला असल्या बोळात नेईल, की समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला रिव्हर्सची परीक्षा द्यावी लागेल. घाटात 'जवळचा' म्हणजे बहुधा जुना आणि अरुंद. कायम 'लवकरचा' ठेवा आणि जिथे आपली स्वतःची पसंती आहे तिथे वाटेत एक थांबा घाला. कोकणात ताम्हिणीनेच उतरायचे असेल, तर माणगावचा पत्ता देण्याआधी ताम्हिणीतला एक बिंदू मधला थांबा म्हणून द्यायचा. वाद न घालता आपले म्हणणे पुढे रेटायची ही युक्ती संसारातही उपयोगी पडते.

टाळायच्या गोष्टींची यादीही पाहून घ्या. टोल, कच्चा रस्ता, फेरीबोट, असे चौकोन असतात. देशावरच्या माणसाला फेरीचा चौकोन निरुपयोगी वाटेल. पण दापोलीहून गुहागरला जायचे असेल, तर दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवली की खाडी ओलांडून पलीकडे. फेरी टाळायची खूण केलेली असेल, तर तीच नॅव्ही तुम्हाला खेड-चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा दाखवील. आणि खूण काढून टाकलीत तर रात्री उशिरासुद्धा खुशाल जेट्टीवर नेऊन उभी करील, कारण फेरी किती वाजता बंद होते हे तिला ठाऊक नाही. म्हणजे सेटिंग करून आपले काम संपत नाही. यंत्राला काय ठाऊक नाही हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

सर्वांत मोठे अडाणीपण नावांचे. आपल्याकडे एकाच नावाची किती गावे! वडगाव म्हटले, तर शेरी, बुद्रुक की मावळ? खेड म्हटले तर रत्नागिरी जिल्ह्यातले, की पुणे जिल्ह्यातले ज्याला राजगुरुनगर म्हणतात ते, की खेड-शिवापूर? आपल्या पूर्वजांनी यावर उपाय म्हणून मोठ्या गावाला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द जोडले. दोन्ही शब्द फारसीतून आलेले, बुजुर्ग आणि खुर्द. पण रोमन लिपीत वडगाव 'व्ही'ने लिहायचे की 'डब्ल्यू'ने, हे नकाशा भरणाऱ्याच्या मर्जीवर. एका अक्षराने सापडले नाही, तर दुसरे घालून पाहावे. त्यात नावे बदलली. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. माझ्या कार्डातला नकाशा त्याआधीचा. त्यात 'संभाजीनगर' शोधले तर ती मला चिंचवडच्या संभाजीनगरात घेऊन जायला निघते. महामार्गांचे आकडेही २०१० साली बदलले. पुण्याहून जाणारा चार क्रमांकाचा महामार्ग अठ्ठेचाळीस झाला, मुंबई-गोव्याचा सतरा क्रमांकाचा सहासष्ट झाला. पडद्यावर एक आकडा आणि चहाच्या टपरीवरच्या दादांच्या तोंडी दुसरा. दोघेही खरेच बोलत असतात.

म्हणून मी नावांवर विसंबणे सोडले आणि आपली ठिकाणे आपण साठवायला लागले. माझ्या नॅव्हीत दोनशे ठिकाणे साठवता येतात. गाडी जिथे उभी आहे तिथे बोट दाबून धरायचे, की तो बिंदू अक्षांश-रेखांशासह जमा. मग गावाचे नाव काहीही होवो. त्यात माझ्या बहिणीचे घर आहे, पंक्चर काढणारे आहेत, रात्री उघडी असणारी औषधांची दुकाने आहेत. आणि बायकांना जे लगेच कळेल ते म्हणजे स्वच्छ प्रसाधनगृह असलेले पेट्रोलपंप आहेत. असे तेवीस पंप मी जमवले आहेत. कुठल्याही कंपनीच्या नकाशात ही माहिती या खात्रीने मिळणार नाही. यादी अक्षरांच्या क्रमाने लागते, म्हणून नेहमीच्या ठिकाणांच्या आधी आकडा घालते. एक घर, दोन दवाखाना, तीन बहीण. चालत्या गाडीत माझ्या नॅव्हीला टाइप करू दिलेले चालत नाही, तेव्हा तीन ठोक्यांत हवे ते ठिकाण मिळाले पाहिजे.

आता थोडे घरचे सांगते. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. पस्तीस वर्षे नोकरी झाली ती भाटघर, नीरा, पानशेत, वरसगाव अशा धरणांच्या आणि कालव्यांच्या अंगाखांद्यावर. रस्ता ठाऊक असलेला माणूस म्हणून आमच्या सगळ्या नातेवाइकांत पुढची सीट त्यांची. २०१९ पासून त्यांना विस्मरण सुरू झाले. आधी चाव्या, मग नावे, मग सकाळी जेवलो की नाही हेसुद्धा. डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द सांगितला तेव्हा आम्ही दोघेही एकमेकांकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. गाडीची किल्ली त्यानंतर माझ्याकडे आली, ती कायमची.

प्रवासात त्यांना सर्वांत जास्त त्रास व्हायचा तो आपण कुठे चाललो आहोत हे न कळण्याचा. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "अगं, आपण कुठे निघालोय?" सांगितले की गप्प बसायचे, पण चेहऱ्यावरची काळजी जायची नाही. इथे नॅव्हीची एक सेटिंग कामी आली. नकाशा दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एकात गाडीचे तोंड नेहमी वर, मघाशी सांगितलेल्या त्या नावाड्यांसारखे. दुसऱ्यात उत्तर दिशा नेहमी वर. चालवणाऱ्याला पहिली तऱ्हा सोपी पडते, डावे ते डावे दिसते. पण ह्यांचे सारे आयुष्य सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर गेलेले, जिथे उत्तर वर आणि ती कधी हलत नाही. पडदा फिरला की ते गोंधळायचे. एके दिवशी मी उत्तर वर केली आणि नकाशा थोडा लहान केला, म्हणजे आजूबाजूच्या नद्या दिसाव्यात. पाच मिनिटे ते बघत राहिले आणि म्हणाले, "ही नीरा. म्हणजे आपण भोरकडे चाललोय." मी काही सांगितले नव्हते.

तेव्हापासून पडदा त्यांचा आणि आवाज माझा, अशी वाटणी आहे. मी आवाजावर चालवते, पडद्याकडे पाहत नाही. तसे चालकाने पाहूही नये. ते नदी, कालवा, डोंगर ओळखत बसतात. पोहोचायची वेळ कोपऱ्यात मोठ्या आकड्यांत दिसेल अशी ठेवली आहे. "कुठे चाललोय" हा प्रश्न संपला असे म्हणणार नाही, पण दहा मिनिटांचा अर्ध्या तासावर आला. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना यातले मोल कळेल.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही भोर तालुक्यात एका नातेवाइकाकडे निघालो होतो. नॅव्हीने मुख्य रस्ता सोडून आतला रस्ता दाखवला. सहा किलोमीटरची बचत होती. वळण घेतल्यावर हे अचानक म्हणाले, "पुढे फरशी आहे. आता पाणी असेल." मी गाडी बाजूला घेतली. समोरून एक शेतकरी मोटारसायकलवर आले. त्यांना विचारले. ते म्हणाले, "काकू, फरशीवरून गुडघाभर पाणी चाललंय. आम्हीच फिरून आलो." ह्यांनी ती फरशी कुठल्या साली पाहिली असेल देव जाणे. सकाळी काय खाल्ले ते त्यांना आठवत नव्हते. डॉक्टर म्हणतात, या आजारात जुने उशिरा पुसले जाते.

याचा अर्थ माणूस नेहमी बरोबर आणि यंत्र नेहमी चूक, असा काढू नका. त्याच महिन्यात त्यांनी मला ठामपणे एका वळणावर वळायला सांगितले, तिथला रस्ता रुंदीकरणात केव्हाच गेला होता. त्यांच्याही डोक्यातला नकाशा एका सालाला थांबला आहे, कार्डातलाही एका सालाला थांबला आहे. दोघांचे ऐकायचे आणि काचेतून समोर बघायचे.

कार्डातला नकाशा थांबतो म्हणजे काय, ते समृद्धी महामार्गावर पाहावे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटर पुरे झाले. माझ्या नॅव्हीला यातले काहीच ठाऊक नाही. पडद्यावर आमची गाडी शेतांतून, ओढ्यांवरून, एखाद्या विहिरीवरूनसुद्धा सरळ चाललेली दिसते आणि ती बाई काकुळतीला येऊन म्हणते, "शक्य असेल तिथून मागे वळा." मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. त्यावरून गेलो तेव्हा सुमारे बावीस किलोमीटरांतला बराचसा प्रवास आम्ही निळ्या समुद्रात केला. पुण्यातला चांदणी चौक तर २०२२ साली जुना पूल पाडल्यावर असा बदलला, की जुना नकाशा तिथे बंद ठेवणेच बरे. यंत्रांना आपल्या वयाचे असे इतरही विकार असतात. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात आणि त्यांच्या मूळ संकेतात १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये ती आली, एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा आली. तेव्हा काही जुन्या यंत्रांची तारीख जवळजवळ वीस वर्षे मागे गेली. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ ची आहे.

नकाशा जुना असणे ही नुसती गंमत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली. पडद्यावर रस्ता दिसत होता. दोघे बाहेर पडू शकले, चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या एका पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता. नकाशात पूल अखंड होता. त्या गाडीतले तिघेही गेले. या दोन्ही घटनांत नकाशा मोबाइलचा होता, म्हणजे ताजा समजला जाणारा. वर्षातले चार महिने पाण्याखाली असणारा रस्ता हा रस्ता म्हणायचा की नदी, हा प्रश्न कोणत्याही नकाशाला पडत नाही. तो स्थानिक माणसालाच पडतो. आणि पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोध, फलक, दिवा लावणे हे ज्याचे काम त्याने ते केले पाहिजे. नकाशाकडे बोट दाखवून ती जबाबदारी संपत नाही.

म्हणून माझे तीन नियम आहेत. पावसाळ्यात अनोळखी आतला रस्ता रात्री घ्यायचा नाही, कितीही बचत होवो. पुढे गाड्यांची वर्दळ दिसत नसेल, तर पहिल्या माणसाला विचारल्याशिवाय दोन किलोमीटरपुढे जायचे नाही. आणि पत्ता टाकल्यावर निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा पडद्यावर लहान करून पाहायचा. कुठल्या गावांवरून, कुठल्या घाटाने जाणार हे डोळ्यांखालून गेले, की मोठी चूक तिथेच पकडली जाते. याला दोन मिनिटे लागतात.

नकाशा अद्ययावत करता येत नाही का? येतो. माझ्या गाडीला पहिली तीन वर्षे फुकट होता, नंतर पैसे. शेवटचा मी २०१९ मध्ये घेतला. आता विचारले तर या मॉडेलचे कार्ड येणे बंद झाले, असे सांगतात. गाडी नऊ-दहा वर्षांत म्हातारी होत नाही, पण तिचा नकाशा होतो. नवी गाडी घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे. नकाशा किती वर्षे मिळणार, कितीला मिळणार आणि मोबाइलचा नकाशा गाडीच्या पडद्यावर आणण्याची सोय आहे का?

आणि गाडी विकणाऱ्यांसाठी एक सूचना. आपण किल्ली देतो, कागद देतो, पण नॅव्हीत आपले घर, मुलीची शाळा, दवाखाना सगळे तसेच राहते. विकण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन सारे पुसून टाका. एरवीसुद्धा 'घर' म्हणून आपल्या दाराचा बिंदू देऊ नका, जवळच्या चौकाचा द्या. चौकातून घरी जायला आपल्याला यंत्र लागत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, आता नवी गाडी घे." घेईनही. पण दोनशेतली एकशे सत्तेचाळीस ठिकाणे भरली आहेत आणि ती काढून नव्या गाडीत घालायची सोय नाही. त्यातली साठ-सत्तर ह्यांच्या वहीतून आलेली आहेत. नोकरीत असताना ते प्रत्येक दौऱ्याची नोंद करायचे, कुठल्या मैलाच्या दगडापाशी वळायचे, कुठली फरशी कधी बंद असते, कुठल्या डाक बंगल्याचा चौकीदार जेवण देतो. ती वही समोर ठेवून मी एकेका जागी गेले, गाडी उभी केली आणि बिंदू साठवला. काही डाक बंगले पडून गेलेत, दगडांवर डांबराचा थर चढला आहे, पण जागा तिथेच आहेत.

कार्ड एक दिवस बंद पडेल हे मला माहीत आहे. म्हणून नवीन ठिकाण मिळाले की आधी नॅव्हीत घालते आणि घरी आल्यावर वहीत लिहिते, नावासह आणि अक्षांश-रेखांशासह. आकडे हे वाचून दाखवतात, मी लिहून घेते. त्यांच्या हस्ताक्षरानंतर माझे हस्ताक्षर सुरू होते ते पान वहीच्या मध्यावर आहे. पुढची निम्मी वही अजून कोरी आहे.